उष्मांकांचा हिशेब आणि वजनाची घाई

उष्मांक हा शब्द महाराष्ट्रातील सुशिक्षितांच्या परिचयाचा झाला तो अन्नाच्या तुटवड्याच्या संदर्भात. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि माणशी दररोज २२५० उष्मांक पुरवील एवढे अन्न ज्या कुटुंबाला परवडत नाही ते दरिद्री, अशी कसोटी देशापुढे ठेवली. पुढे १९७९ साली नियोजन मंडळाच्या कार्यगटाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरी भागासाठी २१०० उष्मांकांची रेषा आखली. त्या काळी उष्मांक मोजले जात ते किती कमी पडतात हे पाहण्यासाठी. आज हाच शब्द शहाड, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या लोकलगाडीत ऐकू येतो. मात्र विचारला जाणारा प्रश्न नेमका उलटा असतो. दिवसाला किती उष्मांक खाल्ले म्हणजे वजन उतरेल?

हा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील प्रौढ स्त्रियांपैकी २४ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे २३ टक्के व्यक्तींचे वजन उंचीच्या मानाने अधिक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, तर पोटाच्या स्थूलतेचे प्रमाण ३९.५ टक्के आढळले. आणि तरीही पहिल्याच पाहणीत १८.७ टक्के स्त्रिया आणि १६.२ टक्के पुरुष प्रमाणाबाहेर कृश असल्याचे दिसले. म्हणजे दांडेकर-रथ यांचा प्रश्न सुटलेला नाही आणि त्याच्या शेजारी दुसरा येऊन बसला आहे. अशा देशात 'कमी खा' हा उपदेश सरसकट करता येत नाही. कोणी, किती कमी आणि किती दिवस, याचे उत्तर आकड्यांत द्यावे लागते. चिंतेची बाब अशी की, आज हे उत्तर बहुतेकांना मिळते ते एकाच ठोकळ आकड्याच्या रूपात. दिवसाला १००० किंवा १२०० उष्मांक, आणि महिन्यात ५ किलो वजन कमी, असे त्याचे स्वरूप असते. हा आकडा बहुसंख्यांच्या बाबतीत अव्यवहार्य आहे आणि काहींच्या बाबतीत अपायकारक.

श्रम बदलले, ताट तेच राहिले

उल्हासनगर आणि कल्याण यांच्या सीमेवरील शहाडचे उदाहरण घेतले तर प्रश्नाचे मूळ स्पष्ट होते. सेंच्युरी रेयॉनचा कारखाना, शेजारी मोहने-आंबिवली येथील एन. आर. सी., अंबरनाथची आयुध निर्माणी आणि औद्योगिक वसाहत यांच्या भोवती हा सारा परिसर वाढला. पाळीवर उभ्याने काम करणारा, कारखान्यापर्यंत पायी किंवा सायकलने जाणारा कामगार हा येथील कुटुंबांचा कर्ता होता. एन. आर. सी. २००९ साली बंद पडली. नव्या पिढीतील अनेकांनी कार्यालयाचा, बँकेचा, शाळेचा किंवा संगणकाचा रस्ता धरला. कसारा मार्गावरील गाडीने मुंबई गाठायची तर जाताना दीड तास आणि येताना दीड तास. मध्ये आठ तास खुर्चीवर. शरीर थकते, हे खरे. पण गर्दीने, उकाड्याने आणि जागरणाने येणारा थकवा म्हणजे उष्मांकांचा व्यय नव्हे. दिवसाअखेरी दमलेल्या माणसाला आपण पुष्कळ श्रम केले असे प्रामाणिकपणे वाटते आणि रात्रीचे ताट त्या समजुतीप्रमाणे वाढले जाते.

श्रमातील या फरकाची किंमत किती, हे राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली सुधारलेल्या कोष्टकावरून समजते. ६५ किलो वजनाच्या पुरुषाला अतिश्रमाच्या कामासाठी दिवसाला ३४७०, मध्यम श्रमासाठी २७१० आणि बैठ्या कामासाठी २११० उष्मांक लागतात. ५५ किलोच्या स्त्रीसाठी हेच आकडे अनुक्रमे २७२०, २१३० आणि १६६० असे आहेत. (येथे उष्मांक म्हणजे वेष्टनांवर छापलेली किलोकॅलरी, हे ध्यानात ठेवावे.) मध्यम श्रमाच्या वडिलांचा मुलगा बैठ्या कामाला लागला की त्याची गरज सुमारे ६०० उष्मांकांनी घटते. घरातील पोळ्यांची चवड, भाजीवरचा तेलाचा तवंग आणि भाताची मूद मात्र घटत नाही. वजन वाढते ते खादाडपणामुळे, असे मानून माणसाला दोष देणे म्हणूनच अन्यायाचे आहे. पुष्कळ घरांत कोणी जास्त खाऊ लागलेले नाही. खर्च कमी झाला, एवढेच.

१९७९ सालच्या शहरी रेषेचा २१०० हा आकडा आणि आजच्या बैठ्या पुरुषाची २११० ही गरज जवळजवळ सारखी दिसते. पहिला आकडा स्त्री-पुरुष, मुले, कामकरी आणि बिनकामी अशा सर्वांची सरासरी होता, दुसरा एका विशिष्ट प्रौढाचा आहे. त्यामुळे दोहोंची तुलना ताणण्यात अर्थ नाही. तरीही त्या काळी शहरातील सरासरी माणसासाठी किमान मानलेला आहार आज कारकुनाचा पुरेपूर आहार ठरतो, यातून काळाचा पालट ध्यानी येतो.

सुखात्मे यांचा इशारा

दैनंदिन लक्ष्य ठरविताना आणखी एका जुन्या वादाची आठवण उपयोगी पडेल. दांडेकर-रथ यांच्या रेषेला ज्यांनी हरकत घेतली त्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले, जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुखपद भूषविलेले डॉ. पां. वा. सुखात्मे अग्रभागी होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, माणसाची गरज ही एका ठरीव आकड्यावर खिळलेली नसते. एकाच माणसाची गरज दिवसागणिक, आठवड्यागणिक एका मर्यादेत वरखाली होते आणि शरीर त्या मर्यादेत स्वतःला जुळवून घेते. सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी आहे असे म्हणता येत नाही. या मताने भुकेचे प्रमाण कमी लेखले जाईल अशी भीती दांडेकरांसह अनेकांना वाटली आणि तो वाद १९८० नंतरही गाजत राहिला. दारिद्र्याच्या मोजमापाचा निर्णय काहीही लागो, वजन उतरवू पाहणाऱ्याने त्यातून घ्यावयाचा धडा सरळ आहे. कोष्टकातील आकडा ही सुरुवात आहे, आज्ञा नव्हे. आज १७५० आणि उद्या २०५० उष्मांक झाले तर काही बिघडत नाही. पाहायची ती आठवड्याची सरासरी. शिवाय शरीर जुळवून घेते याचा अर्थ असाही होतो की, आहार कमी केला की ते खर्चही कमी करते. वजन उतरविण्याच्या गणितातील सर्वात मोठी चूक याच ठिकाणी घडते.

ही चूक कोणती? एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० उष्मांक, असे सूत्र सर्वत्र सांगितले जाते. त्यावरून दररोज ३०० उष्मांक कमी केले की वर्षाला १४ किलो वजन उतरेल, असा हिशेब कोणीही शाळकरी मुलगा करील. पहिले काही आठवडे तो बहुतांशी जुळतोही. पुढे मात्र वजन कमी झालेले शरीर चालायला, उठायला, नुसते जगायलाही कमी उष्मांक वापरू लागते आणि उतार मंदावतो. अमेरिकेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मांडलेल्या हिशेबानुसार, दररोजच्या आहारात कायमची २४ उष्मांकांची घट केली तर अखेर सुमारे एक किलो वजन कमी होते. त्यापैकी निम्मे पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सर्व तीन वर्षांत. म्हणजे ३०० उष्मांकांच्या घटीतून अखेर साडेबारा किलो उतरतील, पण पहिल्या वर्षात साधारण सहाच. चौदाची अपेक्षा धरून बसलेल्याला सहा हे अपयश वाटते, आणि तो सातव्या महिन्यात सगळे सोडून देतो. वस्तुतः त्याचे काहीच चुकलेले नसते. चुकलेली असते ती अपेक्षा.

अपेक्षाभंगातून सुटण्यासाठी लोक घट वाढवितात. त्याचे परिणामही अज्ञात नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांश घटले. परंतु त्याबरोबर शक्ती गेली, थंडी सोसवेना, मन उदास आणि चिडखोर झाले, दिवसरात्र अन्नाचेच विचार येऊ लागले. आणि बंधन सुटल्यावर अनेकांना पोट भरले तरी थांबता येईना. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्यांना मिळणारा आहार दीड हजार उष्मांकांच्या वरच होता. ते तरुण सडपातळ होते आणि त्यांना आठवड्याला कित्येक मैल चालावे लागे, हा फरक मान्य करूनही, आपल्याकडे बाराशेची शिफारस जितक्या सहजपणे केली जाते तितकी ती सहज गोष्ट नाही, हे उघड आहे.

एकच आकडा सर्वांना नको

मग व्यवहार्य लक्ष्य कोणते? राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वे आठवड्याला अर्धा किलोपर्यंतची घट सुरक्षित मानतात आणि वजन उतरविण्याचा आहार कोणत्याही परिस्थितीत १००० उष्मांकांच्या खाली जाऊ नये, असे बजावतात. यातील अर्धा किलो ही वरची मर्यादा आहे, हे लोक विसरतात. हजार हा तर तळ आहे, लक्ष्य नव्हे.

७८ किलो वजनाचा बैठे काम करणारा एखादा कारकून घ्या. त्याची गरज दिवसाला २३०० उष्मांकांच्या आसपास असेल. त्यातून ४०० वजा केले तर १९०० उरतात. एवढ्यात दोन वेळचे जेवण, न्याहारी आणि चहा नीट बसतो. सुरुवातीला आठवड्याला ३५० ग्रॅमच्या आसपास वजन घटेल आणि वर्षाअखेर सुमारे ८ किलो, म्हणजे मूळ वजनाच्या दहा टक्के. हे लक्ष्य पाळता येण्याजोगे आहे.

आता त्याच घरातील ६० किलो वजनाची, दीड मीटर उंचीची स्त्री घ्या. तिची गरज १७०० च्या थोडी वर असेल. तिला तोच 'रोज ५०० कमी' चा नियम लावला तर ती १२०० वर येते. नवऱ्याशी स्पर्धा करून थोडी आणखी घट केली की ती हजाराच्या तळाला टेकते. देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी असल्याचे २०१९-२१ च्या त्याच पाहणीत आढळले आहे. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणे, भाजी संपली तर लोणच्याशी पोळी खाणे, ही सवय अनेक घरांत अजून गेलेली नाही. अशा ताटातून पाचशे उष्मांक काढायचे म्हणजे प्रथम जातात ते डाळ, दूध आणि भाजी; चहा-बिस्किटे मागे उरतात. या स्त्रीसाठी योग्य घट २०० ते २५० उष्मांकांची. आठवड्याला पाव किलोहूनही थोडी कमी. पुरुषाच्या मानाने हे संथ वाटेल. पण वर्षाअखेर ५ किलो उतरले तर तिच्या वजनाच्या ते आठ टक्के होतात. म्हणजे टक्केवारीत ती फारशी मागे नाही. नवऱ्याचा काटा दुप्पट वेगाने उतरतो आणि आपला उतरत नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या असंख्य गृहिणींना आणि शिक्षिकांना हा हिशेब कोणी समजावून सांगितलेला नसतो.

सात-आठ टक्के उतार पुरेसा आहे काय, अशी शंका येईल. अमेरिकेत २००२ साली निष्कर्ष जाहीर झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगात ७ टक्के वजन उतरविणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे एवढेच लक्ष्य होते. मधुमेह होण्याचे प्रमाण त्यामुळे ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय प्रयोगात तर सहभागी लोकांचे वजन फारसे घटले नाही. तरीही आहार आणि चालणे सुधारल्याने मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झाले. वजनकाटा हा आरोग्याचा एकमेव साक्षीदार नव्हे, हे यातून सिद्ध होते.

या मुद्द्याला पुण्यातील संशोधनाने आणखी बळ दिले आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वजन आणि उंची यांचे गुणोत्तर दोघांचेही २२.३, म्हणजे अगदी सारखे आणि निर्दोष. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय माणूस दिसायला सडपातळ असूनही आतून स्थूल असू शकतो, हे याज्ञिकांचे प्रतिपादन आज जगन्मान्य आहे. म्हणूनच भारतीयांसाठी हे गुणोत्तर २३ झाले की सावध व्हावे आणि पुरुषांची कंबर ९० व स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नये, अशा अधिक कडक मर्यादा सुचविल्या गेल्या आहेत. आपल्याकडे स्नायू मुळातच कमी. त्यात घाईने उपास केले तर चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि वजन परत येते तेव्हा ते मुख्यतः चरबीच्या रूपाने येते. काटा पूर्ववत होतो, शरीर मात्र पूर्वीपेक्षा वाईट होते. त्यामुळे उष्मांक कमी करताना प्रथिने कमी होता कामा नयेत. किलोमागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने ही निरोगी प्रौढाची शिफारस आहे. वजन उतरविताना ती ओलांडलेली बरी. मटकी, मूग, हरभरा, डाळ, दही, अंडी, सुकट या गोष्टी मध्यमवर्गाच्या आवाक्यातल्या आहेत.

तीनशे उष्मांक कोठून काढायचे

घट कोठून करायची, याचा शोध बहुतेक लोक पोळी आणि भातात घेतात. अधिक सोपी जागा किराणा मालाच्या यादीत आहे. चौघांच्या कुटुंबात महिन्याला ५ लिटर तेल लागत असेल तर माणशी रोजचे ३४० उष्मांक नुसत्या तेलातून येतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० उष्मांकांच्या आदर्श ताटात तेला-तुपाचे प्रमाण दिवसाला २७ ग्रॅम आहे. चौघांना महिन्याला साडेतीन लिटर. तेवढ्यावर आले की कोणाचीही पोळी न काढता माणशी शंभर उष्मांक कमी होतात. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये आकाशवाणीवरील भाषणातून तेलाचा वापर दहा टक्क्यांनी घटविण्याचे आवाहन केले, त्याचा घरगुती अर्थ इतका साधा आहे. दिवसाला पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम साखर आणि २०० उष्मांक. साखर निम्मी केली तर शंभर वाचतात. संध्याकाळी गाडीची वाट पाहताना खाल्लेला वडापाव जवळजवळ तीनशे उष्मांकांचा; आठवड्यातून पाचऐवजी दोनदा खाल्ला तर दिवसाची सरासरी सव्वाशेने उतरते. तेल, साखर आणि वडापाव या तीन ठिकाणीच तीनशेहून अधिक उष्मांक सापडले आणि जेवणाला हात लागला नाही.

उपवासाचेही तसेच. शहाडच्या विठ्ठल मंदिरात आषाढी एकादशीला दर्शनाची रांग लागते. त्या दिवशी घरोघरी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू आणि तळलेले वेफर होतात. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही. उपवास श्रद्धेने जरूर करावा. त्याला वजन उतरविण्याचे साधन समजू नये.

२०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि ऋजुता दिवेकर यांच्या आहारपद्धतींवरून घराघरांत तट पडले होते. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांचा आधार घेऊन दीक्षित दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवायला सांगत. तर दिवेकर थोड्याथोड्या वेळाने, आपल्या मातीतले अन्न खाण्याचा आग्रह धरीत. हजारो लोकांनी दोन्हींपैकी एक मार्ग धरला आणि अनेकांना लाभही झाला. पण तो वाद मुख्यतः केव्हा खावे यावर होता. किती, हा प्रश्न दोन्हीकडे फारसा पुढे आला नाही. दोन वेळा खाणाऱ्याचे वजन उतरते ते मधले खाणे सुटल्याने एकूण आहार घटला तरच. चारदा खाणाऱ्याचेही त्याच कारणाने. ज्याला जी पद्धत वर्षभर निभावेल ती त्याने स्वीकारावी. पहिल्या महिन्याच्या उत्साहावरून तिची परीक्षा करू नये.

२०२५ साली भारतात वजन उतरविणारी नवी इंजेक्शने बाजारात आली. अतिस्थूल आणि व्याधिग्रस्त रुग्णांना ती वरदान ठरू शकतील, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु सेमाग्लुटाइड बंद केल्यानंतर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत आल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले आहे. औषधानेही सवयीची जागा भरून निघत नाही. ज्यांचे दहा किलो वजन अधिक आहे अशा पगारदार माणसाने औषधाकडे वळण्यापूर्वी तेलाचा डबा आणि चहाची साखर मोजून पाहावी, हे अधिक शहाणपणाचे. मात्र गरोदर आणि स्तनदा माता, वाढत्या वयातील मुले-मुली, मधुमेहावर गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे रुग्ण यांनी स्वतःच्या मनाने कोणतीही घट करू नये. त्यांच्यासाठी वैद्याचा सल्ला अपरिहार्य आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत आरशाच्या भीतीने जेवण टाळण्याची जी प्रवृत्ती दिसते तिच्याकडे शिक्षकांनी आणि पालकांनी वेळीच लक्ष दिले पाहिजे.

प्रश्न केवळ व्यक्तीचा नव्हे

अर्थात सारे ओझे व्यक्तीच्या संयमावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. आठवड्याला दीडशे मिनिटे चाला, असे सांगणे सोपे. पण शहाडहून उल्हासनगरच्या वसाहतींकडे किंवा अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या वस्त्यांमधून वाहनांना न घाबरता चालता येईल असे पदपथ असले पाहिजेत. उल्हासनगर महानगरपालिकेने आणि अंबरनाथ-बदलापूरच्या नगरपरिषदांनी रस्त्यांचे आराखडे करताना पायी चालणारा माणूस हा प्रथम हक्कदार मानला, तर त्याचा लाभ कोणत्याही व्यायामशाळेपेक्षा अधिक जणांना होईल. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण दाखविणारे फलक लावण्यास सांगितले. राज्य मंडळाच्या शाळांनीही तसे फलक लावावेत. वर्गात ते तयार करणे हा गणिताचा उत्तम धडा होईल. कार्यालयांच्या उपाहारगृहांत पदार्थाच्या किमतीशेजारी त्याचे उष्मांक लिहिण्याला फारसा खर्च येत नाही. शासकीय दवाखान्यात रक्तदाब तपासताना कंबरेचे मापही घेतले जावे. त्याला एक फीत पुरते.

ज्या देशात काल अन्न कमी पडत होते आणि आजही अनेकांना कमी पडते, त्या देशातील लोकांना अतिरेकी उपासमारीचा मार्ग दाखविणे हे विज्ञानही नाही आणि शहाणपणही नाही. आपली खरी गरज ओळखावी, तिच्यातून पुरुषाने तीनचारशे आणि लहान चणीच्या स्त्रीने दोनअडीचशे उष्मांक वजा करावेत, प्रथिने राखावीत, रोज चालावे, महिन्यातून एकदा वजन आणि कंबर मोजावी, आणि वर्षाअखेर पाच ते आठ किलो उतरले तर समाधान मानावे, एवढाच या हिशेबाचा सारांश. वजन वाढायला दहा वर्षे लागतात. ते उतरायला दोन-तीन वर्षे द्यावी लागली, तर त्यात तक्रारीला जागा नाही.